परिषदेचं दुसरं तिकीट

तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या एका विद्यार्थिनीची निवड बेंगळुरूच्या संगणक परिषदेसाठी झाली. महिलांसाठीची परिषद होती. नोंदणी माफ, दोन रात्रींची राहण्याची सोय आणि येण्याजाण्याचं रेल्वेभाडं असं सगळं शिष्यवृत्तीत बसत होतं. तिचं गाव गंगाखेडच्या पुढे. वडील कापूस-सोयाबीनवाले, चौथ्या दिवशी कॉलेजात हजर. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते. म्हणाले, "सर, पोरगी हुशार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एवढ्या लांब एकलीला कसं धाडावं?" म्हणजे आईही सोबत जाणार. म्हणजे दोन तिकिटं. शिष्यवृत्ती मात्र एका माणसाची.

हे दुसरं तिकीट काही मराठवाड्याच्या मागासलेपणाचं लक्षण नाही. संगणकशास्त्रात वेगवेगळ्या थरांतली माणसं यावीत म्हणून परिषदांचे जे प्रयोग गेली तीसेक वर्षं झाले, ते कुणाच्या ना कुणाच्या अशाच अडलेल्या तिकिटापासून सुरू झालेले आहेत.

आधी एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. इतर शास्त्रांत नाव होतं ते नियतकालिकात निबंध छापून. संगणकशास्त्रात परिषदेतला निबंध तितकाच, कधी त्याहून जास्त वजनदार मानतात. विषय इतका वेगानं पुढे जातो की नियतकालिकाची वाट पाहायला कुणाला सवड नसते. त्यामुळे परिषद म्हणजे नुसता मेळावा नव्हे. तिथंच संशोधन छापलं जातं, तिथंच पीएचडीचे मार्गदर्शक भेटतात आणि चहाच्या रांगेत नोकरीची पहिली बोलणी होतात. जो आत नाही, तो विषयातच नाही.

१९८७ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला ऑपरेटिंग सिस्टिमवरची मोठी परिषद भरली. संगणकशास्त्रज्ञ अनिता बोर्ग तिथं गेल्या होत्या. सभागृह पुरुषांनी भरलेलं, बायका हातावर मोजण्याइतक्या. त्या एकमेकींना भेटल्या त्या प्रसाधनगृहात. तिथल्या गप्पांतून एकत्र जेवायचं ठरलं, आणि जेवणातून एकमेकींच्या संपर्कात राहायचं. सात वर्षांनी, १९९४ मध्ये, बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी वॉशिंग्टनमध्ये पहिलं ग्रेस हॉपर सेलिब्रेशन, म्हणजे संगणकातल्या महिलांची परिषद, भरवलं. ग्रेस हॉपर म्हणजे अमेरिकी नौदलातल्या त्या बाई, ज्यांनी १९५२ मध्ये अगदी सुरुवातीच्या कंपायलरांपैकी (सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम) एक लिहिला. पहिल्या वर्षी पाचशेच्या आसपास माणसं आली होती. २०१९ पर्यंत तो आकडा २५ हजारांच्या वर गेला.

अमेरिकेत याची गरज का पडली, तेही पाहण्यासारखं आहे. १९८४ च्या सुमारास तिथं संगणकशास्त्राच्या पदवीधरांत ३७ टक्के मुली होत्या. पुढे हे प्रमाण वाढायचं सोडून घसरत गेलं आणि १८ टक्क्यांवर आलं. घरगुती संगणक बाजारात आला तो मुलग्यांचं खेळणं म्हणून, असं एक कारण नेहमी दिलं जातं.

दुसरा धागा रिचर्ड टापिया यांचा. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकोहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेले हे गणिती ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्या नावाची परिषद २००१ मध्ये ह्यूस्टनलाच पहिल्यांदा भरली. इथं प्रश्न फक्त बायकांचा नव्हता. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळनिवासी, अपंग, घरातून कॉलेजात पहिल्यांदाच आलेली मुलं, सगळ्यांचा होता. विद्यार्थ्यांचा येण्याजाण्याचा खर्च उचलणं हा या परिषदेचा कणा.

मग तिकिटाच्याही पुढचा अडथळा आला, व्हिसाचा. २०१७ मध्ये टिमनिट गेब्रू आणि रेडिएट अबेबे यांनी 'ब्लॅक इन एआय' ही कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या कृष्णवर्णीय संशोधकांची संघटना सुरू केली. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या न्यूरिप्स या त्याच विषयातल्या परिषदेसाठी निघालेल्या आफ्रिकेतल्या कित्येक संशोधकांना कॅनडानं व्हिसा नाकारला. हे लोक परत जातील याची खात्री वाटत नाही, असं कारण. निबंध स्वीकारलेला, खर्चाची सोय झालेली, आणि माणूस विमानतळाच्या बाहेर. यावर उपाय निघाला तो साधा आणि माझ्या मते आजवरचा सर्वांत शहाणा: माणसं परिषदेकडे येऊ शकत नसतील तर परिषदच त्यांच्याकडे न्यायची. आयसीएलआर ही त्याच क्षेत्रातली परिषद २०२० मध्ये अदिस अबाबाला भरायची होती. कोविडनं ती ऑनलाइन गेली. शेवटी २०२३ मध्ये ती रवांडातल्या किगालीत भरली.

आपल्याकडे कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ पासून आहे, सैद्धांतिक संगणकशास्त्राची एफएसटीटीसीएस ही परिषद १९८१ पासून. ग्रेस हॉपरची भारतीय आवृत्ती २०१० मध्ये बेंगळुरूत सुरू झाली. पण अमेरिकेचं निदान इथं जसंच्या तसं लागू पडत नाही. आमच्या वर्गात मुली कमी नाहीत. घराघरांतला हिशोब ठरलेला असतो: मुलाला मेकॅनिकल, मुलीला कॉम्प्युटर. सावलीतलं काम, साइटवर जायला नको. आयआयटींमध्ये मात्र चित्र उलटं होतं. तिथं २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढाव्या लागल्या. वर्गातली ही मुलगी संशोधनाच्या वाटेवर कुठं गळते, हा आपला प्रश्न आहे. मुलगी हा त्याचा एक भाग, जात आणि गाव हे उरलेले.

आणि तो प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. निजामाच्या काळात पदवीच्या शिक्षणासाठी इथल्या बहुतेकांना हैदराबादची वाट धरावी लागे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, ते या अंतरावरचं उत्तर होतं. गरीब पोरगं हैदराबादला जाऊ शकत नाही, तर कॉलेज त्याच्या जवळ आणा. किगालीचा विचार तो हाच, फक्त सत्तर वर्षं आधीचा. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आलं. त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला, मग दलितांच्या वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्याच वर्षी अमेरिकेत पहिलं ग्रेस हॉपर भरलं. विद्यापीठाच्या दारावर कुणाचं नाव असावं यावरून इथं सोळा वर्षं गेली, हे विसरून इथल्या 'विविधते'बद्दल बोलता येत नाही.

अभियांत्रिकी शिक्षण मात्र झपाट्यानं पसरलं. औरंगाबादचं शासकीय महाविद्यालय १९६० चं, नांदेडचं गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचं १९८१ चं. १९८३ च्या विनाअनुदान धोरणानंतर खासगी कॉलेजं उगवली. मग २०१० मध्ये यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमावलीत प्राध्यापकांना निबंध सादर करण्याचे गुण मिळू लागले, आणि गावोगाव राष्ट्रीय कॉन्फरन्सचं पीक आलं. अपवाद आहेत. जानेवारी २०२० मध्ये, कोविडच्या तोंडावर, औरंगाबादला आरटीआयपीटूआर ही प्रतिमा-संस्करणावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिचे निवडक निबंध पुढे ग्रंथरूपात आले. पण बहुतेक ठिकाणी काय होतं ते मी आतून पाहिलंय. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण पाऊण तास लांबतं, मग दुपारी चार वर्गांत प्रत्येकी सात मिनिटं सादरीकरण, ऐकायला फक्त पुढचे सादरकर्ते. संध्याकाळी सर्टिफिकेटसाठी रांग. त्या रांगेत मीही उभा राहिलोय, उगाच सोवळं कशाला सांगू? दाराशी आलेल्या परिषदेतही मुलांना कुणी भेटत नाही, अशी ही गंमत.

२०२४ मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. मोठा निर्णय. प्रवेशाचं दार उघडलं. पण बीडला रेल्वे पोचली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परिषदेचा प्रवास फीच्या पावतीत धरलेला नसतो.

त्या मुलीचं पुढे असं झालं. स्टाफरूममध्ये वर्गणी काढली, दुसरं तिकीट निघालं. माय-लेकी नांदेड-बेंगळुरू गाडीत बसल्या, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आईला गळ्यात अडकवायला पाहुण्यांचा बिल्ला मिळाला आणि त्या दोन दिवस मागच्या रांगेत बसल्या. परतल्यावर त्यांनी मला एकच विचारलं: "सर, तिथं एवढ्या बाया बोलत होत्या स्टेजवर, त्यांच्यासंगं कोण आलं होतं?" मी काही बोललो नाही. पोरीनं सांगितलं, "आई, त्या एकट्याच आल्या होत्या." पुढच्या वेळी हैदराबादला ती एकटी गेली.

गेल्या वर्षी आमच्या विभागाच्या कॉन्फरन्सचं अंदाजपत्रक करताना मी एक ओळ घातली: बाहेरगावच्या विद्यार्थिनींसोबत येणाऱ्या एका व्यक्तीचा प्रवासखर्च. लेखा विभागातल्या भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "शाल-श्रीफळाला हेड आहे सर, स्मृतिचिन्हाला आहे. हे कुठं टाकू?" थोडा वेळ यादी चाळली आणि मग त्यांनीच ते 'किरकोळ' मध्ये टाकलं.