यादीत नाव नसलेली चिप

परभणीत माझ्याकडे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा येतो. त्याच्या गावात थ्री फेज बऱ्याचदा रात्रीच असते, आणि मोटार सोडायला वडील बॅटरी घेऊन अंधारातून विहिरीवर जातात. मोबाईलवर चालणारे स्टार्टर बाजारात मिळतात, पण ह्याला स्वतःचा करायचा होता. लाईन आली की दहा मिनिटं थांबायचं, तिन्ही फेज तपासायचे, मगच मोटार सोडायची, आणि विहिरीतलं पाणी खाली गेलं की बंद करायची. एसटीएम३२एफ१०३ ह्या मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे एका चिपमध्ये मावणाऱ्या छोट्या संगणकाच्या, स्वस्त निळ्या बोर्डावर त्यानं हे सगळं छान चालवून दाखवलं होतं.

दुसरं बोर्ड घेतलं तेव्हा त्यावर वेगळ्याच कंपनीची, पण पायाला पाय जुळणारी चिप निघाली. "सर, यादीत हिचं नावच नाही. जुनंच नाव निवडलं तर लाल दिवा लागू लालाय, पण पुढं काहीच होईना. म्हणजे चिप डुप्लिकेट आहे का?"

हा समज मी अनेक ठिकाणी ऐकतो, म्हणून हा लेख. आपण ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम लिहितो त्या आयडीईच्या यादीत नाव असलं की चिप खरी, नसलं की खोटी, असं मुलांना वाटतं. ती यादी म्हणजे चिपचा जन्मदाखला नव्हे. कुणीतरी वेळ काढून काही साध्या मजकुराच्या फाइली लिहून ठेवल्या आहेत, एवढाच तिचा अर्थ. ज्या चिपसाठी त्या कुणी लिहिल्या नाहीत, तिच्यासाठी त्या आपण लिहू शकतो.

आयडीईला कुठल्याही चिपबद्दल मुख्यतः तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. आतला प्रोसेसर कुठल्या आज्ञा समजतो, स्मृती कुठं आणि किती आहे, आणि तयार प्रोग्रॅम आत कसा घालायचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा फुकटात मिळतं. ब्रिटनच्या आर्म कंपनीनं २००४ साली कॉर्टेक्स-एम३ हा प्रोसेसर जाहीर केला. त्याचा आराखडा परवाना घेऊन अनेक कंपन्यांनी आपापल्या चिपमध्ये बसवला. कंपनी कुठलीही असो, आतला एम३ त्याच आज्ञा पाळतो. म्हणून जीसीसी ह्या कंपायलरला, म्हणजे आपण लिहिलेलं प्रोसेसरच्या आज्ञांत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला, चिपचं नाव लागत नाही, 'कॉर्टेक्स-एम३' एवढं सांगितलं की पुरतं.

तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र पहिली ठेच लागते. प्रोग्रॅम आत घालण्यापूर्वी संगणक चिपला तिचा ओळख क्रमांक विचारतो. त्यासाठी आम्ही ओपनओसीडी वापरतो. जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये एका विद्यार्थ्यानं २००५ साली प्रबंधासाठी लिहायला घेतलेलं हे सॉफ्टवेअर आज जगभर वापरलं जातं. त्याच्या फाइलीत एसटीएम३२एफ१०३ साठी १बीए०१४७७ हा क्रमांक लिहिलेला आहे. ह्या बोर्डाकडून उत्तर आलं २बीए०१४७७. फरक एका अंकाचा, पण 'अनपेक्षित क्रमांक' म्हणून काम थांबलं. फाइलीतला तो एक अंक बदलला आणि दार उघडलं.

अर्डुइनो हे शिकाऊंचं बोर्ड वापरणाऱ्यांनाही हा अनुभव ओळखीचा असेल. एटीमेगा३२८पी आणि नुसती एटीमेगा३२८ ह्या दोन चिपा प्रोग्रॅमच्या दृष्टीनं जवळजवळ सारख्या, दोघींत ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम. पण पहिलीची सही, म्हणजे ओळख क्रमांक, १ई ९५ ०एफ, दुसरीची १ई ९५ १४. यादीत फक्त पहिली असली की दुसरी नाकारली जाते, आणि चांगली चिप मुलं कचऱ्यात टाकतात. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता मधल्या प्रश्नाकडे, स्मृतीकडे. माझा जीव ह्याच भागात अडकलेला आहे, तेव्हा इथं थोडं सावकाश जाऊ.

ह्या मुलाच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे, 'थांबायची मिनिटं = १०'. हा १० कुठं राहतो? चिपमध्ये दोन प्रकारची स्मृती असते. फ्लॅशमधलं लाईन गेली तरी टिकतं, पण चालत्या प्रोग्रॅमला तिथं सहज खोडून लिहिता येत नाही. रॅममध्ये हवं तेव्हा लिहिता येतं, पण वीज गेली की सगळं पुसलं जातं. मिनिटं मोबाईलवरून बदलायची आहेत, म्हणजे तो आकडा रॅममध्ये हवा. आणि लाईन परत आल्यावर तो १० च असला पाहिजे, म्हणजे फ्लॅशमध्येही हवा.

म्हणून त्या एका आकड्याला दोन पत्ते असतात. शाळेतला फळा आणि गुरुजींची वही आठवा. फळा रोज पुसला जातो. सकाळी गुरुजी वहीतून तारीख, वार, सुविचार फळ्यावर उतरवतात, मग दिवसभर फळ्यावर हवं ते खोडतात, लिहितात. वही तशीच राहते. चिपमध्ये फ्लॅश ही वही, रॅम हा फळा. आणि गुरुजी म्हणजे स्टार्टअप कोड नावाचा तीस-चाळीस ओळींचा छोटा प्रोग्रॅम, जो तुमच्या 'मेन'च्या, म्हणजे मुख्य फंक्शनच्या, आधी धावतो. सुरुवातीची किंमत दिलेली सगळी चलं तो फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवतो. किंमत न दिलेल्यांच्या जागी शून्यं भरतो. त्या शून्याच्या भागाला आजही बीएसएस म्हणतात. हे नाव १९५० च्या दशकातल्या आयबीएम ७०४ संगणकाच्या काळापासून चालत आलं आहे. गावात लाईन दिवसातून दहा वेळा जाते-येते, तेवढ्या वेळा हा विधी बिनचूक पार पडतो, आणि आपण 'मेन' ही पहिली ओळ समजून निवांत असतो.

पण वहीचं कुठलं पान फळ्यावर कुठं उतरवायचं, हे गुरुजींना कोण सांगतं? लिंकर स्क्रिप्ट. ही साध्या मजकुराची फाइल, आणि तिचा गाभा दोन ओळींचा. फ्लॅश सुरू होते ०८०००००० ह्या पत्त्यावर, लांबी ६४ केबी. रॅम सुरू होते २००००००० वर, लांबी २० केबी. पत्ते हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायात. लिंकर ह्या दोन ओळी वाचून प्रत्येक चलाला आणि प्रत्येक फंक्शनला जागा नेमून देतो.

आता चिपला वीज मिळते त्या क्षणाकडे बघा. कॉर्टेक्स-एम३ ला तेव्हा काहीच ठाऊक नसतं. तो फक्त दोन आकडे वाचतो. शून्य पत्त्यावरचे चार बाइट आणि त्यापुढचे चार बाइट. एसटीएम३२ मध्ये शून्य पत्त्यावर फ्लॅशच्या सुरुवातीचंच प्रतिबिंब दिसतं. पहिला आकडा सांगतो स्टॅकचा माथा कुठं आहे. दुसरा सांगतो पहिली आज्ञा कुठं आहे. हा दुसरा आकडा नेहमी विषम असतो. आज्ञा तर सम पत्त्यावरच असतात, मग हा एक जास्तीचा कशाला? तो शेवटचा बिट पत्त्याचा भागच नाही. 'पुढच्या आज्ञा थंब प्रकारच्या आहेत' ही ती खूण आहे. एम३ दुसरा कुठला प्रकार जाणत नाही, तरी ती खूण नसेल तर तो पहिल्याच पावलाला फॉल्ट देतो. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

स्टॅक म्हणजे फंक्शनमधून फंक्शनमध्ये जाताना 'परत कुठं यायचं' हे टिपून ठेवायची चळत. ती रॅमच्या वरच्या टोकापासून खाली वाढते. २० केबी म्हणजे हेक्समध्ये ५०००, म्हणून माथा २०००५०००. पहिली नोंद होते त्याच्या चार बाइट खाली, २०००४एफएफसी वर.

नव्या चिपच्या डेटाशीटचं, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाचं, पहिलंच पान आम्ही उघडलं. रॅम १० केबी. म्हणजे तिची रॅम २०००२८०० लाच संपते. जुनं नाव निवडल्यामुळे लिंकरनं माथा रॅमच्या दहा केबी पुढं, जिथं काहीच नाही तिथं ठेवला होता. फ्लॅश पुरेशी होती, म्हणून प्रोग्रॅम आत गेला, पडताळणीही 'ठीक' आली. वीज दिल्यावर गुरुजींनी फळाही नीट लिहिला, कारण चलं खालच्या भागात होती. मग पहिलं फंक्शन बोलावलं, प्रोसेसर परतीचा पत्ता टिपायला गेला, आणि तिथं जमीनच नाही. तो हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे गंभीर चुकीसाठी राखलेल्या कोडमध्ये, पडला आणि तिथल्याच एका रिकाम्या चक्रात फिरत राहिला. लाल दिवा थेट विजेवर असतो, त्याचा प्रोग्रॅमशी संबंध नाही, म्हणून तो बिचारा जळतच होता.

डिबगरनं, म्हणजे चिपच्या आत डोकावणाऱ्या साधनानं, २०००४एफएफसी वर लिहून बघितलं, चूक आली. २०००२७एफसी वर लिहिलं, तेच परत वाचता आलं. मुलाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं, त्यासाठी मी हे शिकवतो.

इथं एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे बोअर घ्यायचा म्हटलं की आजही पाणाड्याला बोलावतात. तळहातावर नारळ उभा राहिला की तिथं पाणी. खाली बेसाल्टचा खडक आहे, पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, आणि नारळाला ते कळायचा कुठलाही मार्ग नाही. कर्ज काढून कोरडे बोअर घेतलेली घरं मी पाहिली आहेत. यादीतली जवळची वाटणारी नावं एकामागून एक निवडत राहायचं, क्रमांक जुळला नाही तर तपासणीच बंद करायची, आणि एकदा चाललं की 'हेच नाव लागू पडतं' म्हणून दुसऱ्याला सांगायचं, हाही नारळच आहे. लिहून, परत वाचून बघणं ही मोजणी आहे.

दोन ओळी बदलल्यावर सगळं संपतं असंही नाही. घड्याळाचा वेग चुकीचा सांगितला, समजा खरे ८ मेगाहर्ट्झ असताना १६, तर दहा मिनिटांची वीस होतात आणि संगणकाला मजकूर पाठवणाऱ्या सिरियल तारेवर कचरा दिसतो. एसटीएम३२एफ१०३ ७२ मेगाहर्ट्झवर चालवताना फ्लॅश वाचायला दोन चक्रं थांबावं लागतं. जुळणाऱ्या चिपला किती, हे तिच्याच डेटाशीटमध्ये बघावं. टायमर, एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) ह्यांची रजिस्टरं, म्हणजे त्यांना हुकूम द्यायचे कप्पे, नावानं तीच असली तरी एखाद्या बिटाचा अर्थ वेगळा निघू शकतो. ती तपासणी एकेक करूनच होते, आणि फेज मोजणारा एडीसी आम्ही मीटर लावून दोन दिवस पडताळला.

शेवटी त्यानं जुन्या नोंदीची नक्कल केली, ओळख क्रमांक बदलला, रॅम २० ची १० केली, आणि आमच्या आयडीईच्या, म्हणजे अर्डुइनोच्या, बोर्ड्स फाइलीत चिपच्या खऱ्या नावानं नवी नोंद घातली. त्या फाइलीत प्रत्येक ओळ म्हणजे डावीकडे नाव, उजवीकडे किंमत, एवढंच असतं. आयडीई बंद करून उघडली. यादीत ते नाव होतं. पुन्हा कंपाइल केल्यावर लिंकरनं हिशोब दिला, प्रोग्रॅमला रॅम तीन केबीच्या आसपास लागत होती. बोर्डावरचा दुसरा, हिरवा दिवा लुकलुकायला लागला, आणि आम्ही दोघं मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दहा मिनिटं बसून राहिलो.