झाड म्हणजे एसी, पण मे महिन्यात दुपारी बंद पडणारा

पारा त्रेचाळीसच्या वर गेला की सोलापुरातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर ते फॉरवर्ड फिरायला लागतं, 'एक झाड म्हणजे दहा एसी'. अगदीच खोटं नाही ते, पण अर्धवट आहे. आणि सावलीची खरी गरज जिथं आहे, म्हणजे पावरलूमच्या गल्ल्या, विडी कामगारांची पत्र्याची घरं, तिथं झाड लावायचं तर उरलेलं अर्धं माहीत पाहिजे.

आधी हिशोब. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, विजेच्या भाषेत पाऊण युनिटला थोडी कमी. भरपूर पाणी मिळणारं मोठं झाड दिवसात १०० लिटर पाणी पानांतून उडवू शकतं, म्हणजे ६७ युनिटएवढी उष्णता त्यात खपली. दीड टनाचा एसी तासाला पाचेक युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो (बिल त्यापेक्षा कमी येतं, तो वेगळा विषय). म्हणजे दिवसभर चालणारा एक एसी झाला, दहा कुठून आले? शिवाय एसी बंद खोलीत असतो, झाडाची गार हवा वारं सुटलं की पुढच्या पेठेत.

आता माझा आवडता भाग. पानाला, बहुतेक झाडांत खालच्या बाजूनं, बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी. त्यांच्यात पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगून बाकदार होतात आणि मधे फट पडते, पोटॅशियम बाहेर गेलं की फट बंद. फट उघडायची ती कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला, पाणी जातं ती त्याची किंमत. आणि हवा पाणी किती जोरात ओढणार हे नुसत्या तापमानावर नाही, हवेत अजून किती वाफ मावते त्यावर ठरतं. जुलैत ३० डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ही ओढ १.३ किलोपास्कलच्या (दाब मोजायचं एकक) आसपास येते, मेच्या दुपारी ४२ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रतेला तीच सात किलोपास्कल! मुळापासून शेंड्यापर्यंत बारीक नळ्यांतून पाण्याचा सलग धागा असतो, तो वरून असा खेचला जातोय आणि खाली मुरूम कोरडा ठाक, मग धागा तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा बसतो आणि ती नळी कामातून जाते. हे टाळायला झाड अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक तयार करतं, त्याच्या इशाऱ्यानं रक्षक पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, रंध्रं मिटतात. माठातलं पाणी संपलं की माठ गार राहत नाही, तसंच हे. नेमकं दुपारी दोनला, आपल्याला हवा असतो तेव्हा एसी बंद.

मग उरतं काय? सावली. आणि तीच मोठी गोष्ट आहे. बातम्यांतलं ४३ डिग्री हे सावलीतलं, हवेशीर पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं असतं, उन्हातला डांबरी रस्ता साठच्या वर सहज जातो, पत्राही तसाच तापतो आणि खाली विड्या वळत बसलेल्या बाईच्या डोक्यावर दिवसभर उष्णता फेकत राहतो. झाडाखाली हवा एखाद-दोन डिग्रीच गार असेल, पण अंगावर येणारी ही धग तुटते ना, फरक तिथं कळतो.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली युरोपातल्या ९३ शहरांचा अभ्यास आला होता. तिथं झाडांचं छत शहराच्या ३० टक्के जागेवर नेलं तर उन्हाळ्यात सरासरी ०.४ डिग्रीच फरक पडेल, तरी २६४४ मृत्यू टळतील असा अंदाज निघाला. युरोपचे आकडे इथं जसेच्या तसे चिकटवू नका, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही.

झाड कुठलं? गुलमोहर दिसायला भारी, पण उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या नुसत्या काड्या. करंज आणि कडुलिंब थोडे दिवस पानं गाळून एप्रिलपर्यंत पुन्हा हिरवेगार, म्हणजे ऐन कामाच्या वेळी हजर. पिंपळ रात्रीपण ऑक्सिजन देतो म्हणून तोच लावा म्हणणारे भेटतात, अहो, ऑक्सिजन पाण्याचा रेणू फोडून येतो आणि तो फोडायला उजेड लागतो, रात्री कुठून येणार? पिंपळ लावा की, पण मोकळ्या जागेत, गल्लीत त्याची मुळं भिंतीत घुसतात.

जागाही बघा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली बुंध्याभोवतीच पडते. म्हणून रस्त्यापलीकडचं झाड तुमच्या पत्र्याला तेव्हा काही उपयोगाचं नाही, फांद्या पत्र्यावर आल्या पाहिजेत. दुपारनंतरचं ऊन अडवायला पश्चिमेची बाजू धरा, आणि जूनमध्ये फोटो काढून झाल्यावर पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार ते आधीच ठरवा. अंघोळीचं, भाज्या धुतलेलं पाणी चालतं. टॉवेलच्या रंगाईचं पाणी मात्र ओतू नका, त्यात मीठ असतं, आणि माती ओली दिसली तरी खारट पाणी मुळांना ओढता येत नाही, रंध्रं मिटलेलीच राहतात.