क्लाउडवरील कृत्रिम बुद्धिमत्ता सेवांतील माहितीसाठा आणि खासगीपणा

स्वतःची यंत्रणा न उभारता दूरच्या डेटा सेंटरमधील साठवण व गणनशक्ती भाड्याने घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे (मॉडेल) वापरली जातात, तेव्हा त्यांना पुरवलेली माहिती कोठे व किती काळ राहते, ती कोणाला वाचता येते आणि ती कायमची पुसता येते का, हे प्रश्न व त्यांवरील तांत्रिक आणि कायदेशीर उपाय या विषयात येतात. मोठ्या क्लाउड कंपन्यांची भारतातील केंद्रे मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत आहेत. त्यामुळे नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतील एखाद्या रुग्णालयाने अशा सेवेकडे क्ष-किरण चित्र तपासायला पाठवले, की ते शहराबाहेर जाते, आणि करारात केंद्र नेमून दिलेले नसेल तर देशाबाहेरही जाऊ शकते.

साधी साठवण आणि या सेवा यांत एक मूलभूत फरक आहे. कुलूपबंद फाईल न उघडता वर्षानुवर्षे सांभाळता येते. मात्र चित्रातील डाग ओळखायचा, तर गणनेच्या वेळी ती माहिती यंत्राच्या स्मृतीत उघडावीच लागते. साठवलेल्या माहितीवर एईएस-256 आणि प्रवासातील माहितीवर टीएलएस या पद्धतींचे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे सांकेतिक रूप, सर्रास असते व ते भक्कम आहे. उघडी पडते ती प्रक्रियेत असलेली माहिती. यावर उपाय म्हणून चिपमध्येच राखलेला, यंत्र चालवणाऱ्यालाही वाचता न येणारा कप्पा वापरात येऊ लागला आहे. एन्क्रिप्शनची किल्ली क्लाउड कंपनीकडेच असेल, तर चोरीला गेलेली डिस्क निरुपयोगी ठरते, पण खुद्द कंपनीला अडसर राहत नाही. किल्ली ग्राहकाच्या ताब्यात असेल, तर ती नष्ट करून त्या किल्लीने बंद केलेल्या सर्व प्रती एकदम निकामी करता येतात. म्हणून सर्व्हर कोणत्या शहरात आहे, यापेक्षा किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न अनेकदा अधिक महत्त्वाचा असतो.

प्रतींची संख्याही वापरणाऱ्याच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त असते. मूळ फाईल, तिचा बॅकअप, विचारलेला प्रश्न व मिळालेले उत्तर यांच्या नोंदी, गैरवापर तपासण्यासाठी काही काळ राखलेला मजकूर, आणि शोध घेता यावा म्हणून मजकुराची केलेली सांख्यिक रूपे, अशा ठिकाणी एकच अहवाल पसरतो. सांख्यिक रूपे निव्वळ आकड्यांची असल्यामुळे निरुपद्रवी वाटतात, परंतु त्यांवरून मूळ मजकुराचा बराच भाग पुन्हा जुळवता येतो. माहिती प्रारूपाच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली, तर अडचण आणखी वाढते, कारण प्रशिक्षणात वारंवार आलेला मजकूर प्रारूप शब्दशः परत देऊ शकते आणि तो प्रारूपातून नेमका वेगळा काढण्याचा सोपा मार्ग नाही. उद्योगांसाठीच्या सशुल्क करारात प्रशिक्षणाला मनाई बहुधा असते. मोफत चॅट सेवेत ती असेलच असे नाही, आणि घाईत असलेला कर्मचारी रुग्णाचा अहवाल अशाच खासगी खात्यात चिकटवतो.

नाव काढून टाकले म्हणजे ओळख पुसली, हा समज विदर्भात विशेष धोक्याचा आहे. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा येथून रुग्ण उपचारांसाठी नागपूरला येतात. लहान गावाचे नाव, वय, लिंग आणि हे निदान एवढे चार तपशील एकत्र आले, की गावातील कोणीही त्या व्यक्तीला ओळखू शकतो. विकार आनुवंशिक असल्याने आईवडील व भावंडांविषयीही काही उघड होते, आणि लग्न जुळवताना त्याचा त्रास मुलींना अधिक होतो. अशा संचात गावाऐवजी जिल्हा व नेमक्या वयाऐवजी वयोगट ठेवणे, हे पाठवण्यापूर्वीच करायचे काम आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. नागपूरचे शरद बोबडे त्या पीठात होते व त्यांनी स्वतंत्र सहमतीचे निकालपत्र लिहिले. त्यानंतर आलेल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती दुसऱ्याकडे प्रक्रियेला दिली, तरी जबाबदारी देणाऱ्यावरच राहते. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यासाठी तेव्हापासून 18 महिन्यांची मुदत आहे. परदेशी साठवणीला कायद्यात सरसकट बंदी नाही. केंद्र सरकार ठरावीक देशांपुरती ती घालू शकते. देयक (पेमेंट) व्यवहारांची माहिती मात्र भारतातच ठेवण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश एप्रिल 2018 पासून आहे. सायबर सुरक्षेसाठीची केंद्र सरकारची संस्था सर्ट-इन हिच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस राखाव्या लागतात व सायबर घटना 6 तासांत कळवावी लागते. परिणामी ‘सर्व काही तत्काळ पुसतो’ असे आश्वासन देणाऱ्या सेवेला त्या नोंदींत वैयक्तिक मजकूर मुळातच येऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते.

पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी राज्य सरकारने 2024 मध्ये स्थापन केलेल्या ‘मार्व्हल’ या कंपनीचे केंद्र नागपुरात आहे. गुन्ह्यांचा प्रतिबंध व तपास यांसाठी होणाऱ्या प्रक्रियेला 2023 च्या कायद्यातील संमतीच्या तरतुदी आणि माहिती पुसून मागण्याचा नागरिकाचा हक्क लागू होत नाहीत. वाजवी सुरक्षा राखण्याचे बंधन मात्र तेथेही कायम आहे.