काचेच्या महालापासून काचेच्या तुरुंगापर्यंत: 'आम्ही' या कादंबरीची पार्श्वभूमी

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांनी 1920-21 च्या सुमारास लिहिलेल्या 'आम्ही' या कादंबरीत सगळं शहर काचेच्या घरांत राहतं. माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. ठरल्या सेकंदाला सगळ्यांचे चमचे एकदमच तोंडाशी जातात आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा असतो. खिडकीचा पडदा पाडायचा तर त्यासाठी गुलाबी कुपन लागतं. निवेदक डी-503 याला यात काही खटकत नाही, उलट तो सुखी आहे. हे सुख त्याला मनापासून वाटतं, म्हणून तर वाचताना अंगावर काटा येतो.

ही काच आली कुठून? लंडनच्या हाइड पार्कमध्ये 1851 च्या जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्सटन यांनी लोखंड आणि काचेचा प्रचंड 'क्रिस्टल पॅलेस' उभारला. पॅक्सटन मूळचे माळी, झाडांसाठी काचघरं बांधण्यात त्यांचा हातखंडा. पुढे हा महाल सिडनहॅमच्या टेकडीवर हलवला गेला. 1863 मध्ये पीटर्सबर्गच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या निकोलाय चेर्निशेव्स्की यांच्या 'काय करावे?' या कादंबरीत नायिकेला स्वप्न पडतं: शेतं-बागांच्या मधोमध तसाच महाल, आणि त्यात गात-गात काम करणारी आनंदी माणसं. रशियातल्या तरुणांच्या एका अख्ख्या पिढीने हे स्वप्न उराशी धरलं.

दोस्तोयेव्स्कींनी वर्षभरातच त्याला उत्तर दिलं. ज्या महालाला चोरूनसुद्धा जीभ काढून वेडावता येत नाही, त्याची भीती वाटते, असं त्यांच्या लघुकादंबरीतला निवेदक, 'तळघरातला माणूस', म्हणतो. दोन दुणे चार हे त्याला आयुष्य वाटतच नाही, ती मरणाची सुरुवात वाटते. झाम्यातिन यांच्या शहरात मात्र दोन दुणे चारच्या स्तुतीची सुनीतं रचली जातात. माझ्या मते कादंबरीची खरी नाळ या वादाशी जुळलेली आहे. तिला केवळ रशियन क्रांतीवरची टीका समजणं तिच्यावर अन्याय करणारं आहे, कारण तिच्यातला बराच ऐवज इंग्लंडमधला आहे.

झाम्यातिन पेशाने जहाजबांधणीचे अभियंता. 1916-17 मध्ये ते न्यूकॅसलला रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घेत होते. कारखान्याच्या भोंग्यावर चालणारं शहर त्यांनी तिथे जवळून पाहिलं. कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याला कादंबरीतला समाज थोर द्रष्टा मानतो. रशियातही टेलरचे भक्त होते. अलेक्सेई गास्तेव या कामगार-कवीने 1919 मध्ये लिहिलं होतं, की कामगाराला अक्षराने किंवा आकड्याने ओळखता येईल. तो हे मोठ्या आशेने लिहीत होता.

शीर्षकाबद्दल थोडं. रशियन सर्वनामात 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद नाही, मराठीत तो करावाच लागतो. डी-503 परग्रहावरच्या अनोळखी वाचकाला उद्देशून लिहितो, म्हणून 'आम्ही' योग्य वाटतं. पण त्याच्या राज्याचा डाव त्या वाचकालाही 'आपण'मध्ये ओढण्याचा आहे. त्यासाठीच तर डी-503 अंतराळयान बांधतोय.

सोव्हिएत रशियात पुस्तक छापू दिलं गेलं नाही. 1924 मध्ये न्यूयॉर्कला आधी इंग्रजी भाषांतर निघालं. 1927 मध्ये प्रागच्या एका रशियन नियतकालिकाने काही भाग छापले, तेही लेखकावर बालंट येऊ नये म्हणून चेकवरून उलट भाषांतर केल्याचं भासवून. तरीही 1929 मध्ये झाम्यातिन यांच्यावर झोड उठलीच. नाटकं बंद झाली, पुस्तकं निघेनात. 1931 मध्ये त्यांनी थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली. लेखकाला लिहू न देणं हीच त्याची मृत्युदंडाची शिक्षा, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. लेखक मक्सिम गॉर्कींनी शब्द टाकला आणि परवानगी मिळाली.

1937 मध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं. मूळ रशियन संहिता 1952 मध्ये न्यूयॉर्कला पूर्ण छापली गेली. ज्यांच्यासाठी ती लिहिली होती, त्या वाचकांच्या देशात ती छापून यायला मात्र 1988 साल उजाडावं लागलं.