छावणीच्या मातीतली बटणे, गोळ्या आणि हाडे

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १९ डिसेंबर १७७७ रोजी, जॉर्ज वॉशिंग्टन यांचे सुमारे १२,००० सैनिकांचे थकलेले सैन्य पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथे हिवाळी मुक्कामासाठी पोहोचले. फिलाडेल्फिया शहर ब्रिटिशांच्या ताब्यात गेले होते आणि थंडीच्या दिवसांत तंबूंवर भागणार नव्हते. त्यामुळे लाकडी ओंडक्यांच्या झोपड्या बांधण्याचा हुकूम आदल्याच दिवशी निघाला होता. झोपडी १४ फूट बाय १६ फुटांची असावी, बाजूच्या भिंती साडेसहा फूट उंच असाव्यात, एका झोपडीत १२ सैनिक राहावेत, चूल मागच्या बाजूला असावी आणि तिला आतून १८ इंच जाडीचा मातीचा थर द्यावा, इतक्या बारकाईने तो लिहिलेला आहे. प्रत्येक रेजिमेंटमध्ये सर्वांत लवकर आणि उत्तम झोपडी बांधणाऱ्या गटाला १२ डॉलरचे बक्षीसही जाहीर झाले होते.

एवढा नेमका हुकूम हाती असल्यावर दीड-दोन हजार झोपड्या एका साच्यातून काढल्यासारख्या उभ्या राहिल्या असतील, असे कोणालाही वाटेल. जमिनीत मात्र वेगळेच चित्र सापडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर झालेल्या उत्खननांत झोपड्यांची मापे एकमेकींशी जुळत नाहीत, काही चुली मागच्या भिंतीऐवजी कोपऱ्यात बांधलेल्या आहेत आणि काही झोपड्यांची जमीन दोन-दोन फूट खोल खणलेली आहे, असे आढळले. खोल खणले की भिंतीला कमी ओंडके लागतात आणि वाराही कमी लागतो, हा विचार गारठलेल्या माणसाला सुचणे स्वाभाविक होते. पण खोल जमिनीत ओल साचते आणि ओलीत आजार वाढतात. या मुक्कामात सुमारे २,००० माणसे गेली ती लढाईत नव्हे, तर टायफस, विषमज्वर आणि हगवण यांसारख्या रोगांनी.

अशा छावण्यांचा अभ्यास करताना पुरातत्त्वज्ञाला एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सैन्य मुक्काम हलवते तेव्हा बंदुका, तलवारी, भांडी, घोंगड्या असे सगळे मौल्यवान सामान बरोबर घेऊन जाते. मागे राहते ते हरवलेले किंवा टाकून दिलेले. म्हणून संग्रहालयाच्या काचेमागे जी शस्त्रे दिसतात ती बहुधा कोणाच्या तरी घरात जपली गेलेली असतात, आणि छावणीच्या मातीतून निघतात ती बटणे, बुटांची बकले, टाचण्या, चिनीमातीचे तुकडे, बाटल्यांच्या काचा, चिलमींच्या तुटक्या नळ्या, शिशाच्या गोळ्या आणि ढिगांनी हाडे. यांतल्या सुट्या वस्तूला बाजारात फारशी किंमत नसते. तिचे मोल ती नेमकी कुठे, कोणत्या थरात आणि कशाच्या सोबतीने सापडली यावर ठरते. धातुशोधक यंत्र घेऊन हौसेखातर बटण उपटून नेणारा माणूस बटण नेतो आणि त्याचा पत्ता पुसून टाकतो. अमेरिकेतील सरकारी जमिनीवर परवानगीवाचून असे खोदकाम करणे १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो कायदा हवाच होता असे माझे मत आहे.

जागा शोधण्यासाठी आता सुरुवातीलाच कुदळ लागत नाही. मातीत लोहाची खनिजे असतात. चुलीच्या आचेने ती तापली की त्यांचे काही प्रमाणात अधिक चुंबकीय खनिजांत रूपांतर होते, आणि थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण त्यांच्यात कायम राहते. मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र, घेऊन शेतावरून ओळीने चालत गेले, तर वर काहीही दिसत नसताना जुन्या चुलींच्या जागा नकाशावर ठिपक्यांसारख्या उमटतात. चुलींच्या रांगेवरून झोपड्यांची रांग कळते आणि मग खड्डा कुठे घ्यायचा ते ठरवता येते.

बटणांनी या अभ्यासाला आरंभी मोठा हातभार लावला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम कॅल्व्हर आणि रेजिनल्ड बोल्टन हे दोन हौशी संशोधक न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या उत्तर टोकाला खणत होते. डिकमन कुटुंबाच्या शेतावर त्यांना ब्रिटिश आणि त्यांच्या जर्मन भाडोत्री सैनिकांच्या झोपड्यांची अख्खी वसाहत सापडली. तिच्यातील एक झोपडी पुन्हा उभारून डिकमन फार्महाउस संग्रहालयाच्या बागेत ठेवलेली आहे. ब्रिटिश सैन्यात १७६८ च्या नियमापासून रेजिमेंटचा क्रमांक बटणावर असे, त्यामुळे कोणत्या पलटणी तिथे राहून गेल्या हे बटणांवरूनच वाचता आले. अमेरिकन बाजूला काही काळाने ‘यूएसए’ ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली प्यूटरची बटणे आली. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथलाचा मिश्रधातू. तो साध्या चुलीवर वितळतो, त्यामुळे साचा जवळ असला की बटणे छावणीतही ओतता येत. तरीही बटण हा साक्षीदार पूर्णपणे भरवशाचा नाही. ताब्यात घेतलेले शत्रूचे कपडे दोन्ही बाजू वापरत असत, आणि अमेरिकन झोपडीत ब्रिटिश बटण निघाले म्हणून तिथे ब्रिटिश सैनिक झोपला होता असे म्हणता येत नाही.

चिलमींच्या नळ्यांची गोष्ट अधिक गमतीची आहे. पांढऱ्या मातीच्या या चिलमी स्वस्त आणि ठिसूळ होत्या, त्यामुळे त्या सतत तुटत आणि तुकडे जागच्या जागी पडत. पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की सतराव्या शतकाच्या आरंभापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नळीतल्या छिद्राचा व्यास इंचाच्या सुमारे ९/६४ भागापासून ४/६४ भागापर्यंत हळूहळू कमी होत गेला. १९६२ मध्ये लुईस बिनफर्ड यांनी त्याचे सूत्र केले: छिद्राचा सरासरी व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजायचा, त्याला ३८.२६ ने गुणायचे आणि तो गुणाकार १९३१.८५ मधून वजा करायचा. व्यास ४ धरला तर उत्तर १७७८.८१ येते, म्हणजे व्हॅली फोर्जच्या मुक्कामाच्या अगदी जवळ. पण या जुळणीवर भाळून जाऊ नये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात छिद्र आणखी लहान होणे जवळजवळ थांबले, आणि नेमके याच काळासाठी हे सूत्र डळमळीत होते. एका तुकड्यावर तर ते कधीच लावायचे नसते, त्यासाठी तुकड्यांचा मोठा संच लागतो.

शिशाच्या गोळ्यांकडे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण इथे भौतिकशास्त्र आणि लोककथा समोरासमोर येतात. ब्रिटिश सैन्याच्या बंदुकीची नळी ०.७५ इंच व्यासाची होती आणि तिच्यात सुमारे ०.६९ इंचाची गोळी जाई. अमेरिकनांना मोठ्या संख्येने मिळालेल्या फ्रेंच बंदुकीची नळी ०.६९ इंचाची होती आणि तिची गोळी ०.६३ ते ०.६५ इंचाच्या आसपास असे. गोळी गोल राहिली असेल तर व्यास मोजला की झाले. चपटी झालेली, दगडावर आपटून पसरलेली गोळी मोजायची कशी, हा प्रश्न न्यू जर्सीतील मॉनमथच्या रणभूमीवर काम करणाऱ्या डॅन सिव्हिलिच यांनी वजनावरून सोडवला. आकार बदलला तरी वस्तुमान फारसे बदलत नाही. ग्रॅममधील वजनाचे घनमूळ काढून त्याला ०.२२३२ ने गुणले की गोळीचा मूळ व्यास इंचांत मिळतो. ३० ग्रॅमची वेडीवाकडी गोळी घेतली तर उत्तर सुमारे ०.६९ इंच येते, आणि २४ ग्रॅमची घेतली तर सुमारे ०.६४ इंच. शुद्ध शिशाच्या घनतेवरून गणित केले तर गुणक थोडा कमी, ०.२१७ च्या जवळपास येतो. ओतलेल्या गोळीत हवेचे बुडबुडे आणि इतर धातू मिसळलेले असतात, म्हणून प्रत्यक्ष मोजमापांवरून काढलेला गुणक वापरणे बरे.

रणभूमीवरची गोळी आणि छावणीतली गोळी यांत फरकही दिसतो. छावणीत बऱ्याच गोळ्या न झाडलेल्या असतात. साच्याच्या दोन पाळ्यांची शिवण आणि ओतताना राहिलेला दांडा कापल्याची खूण त्यांच्यावर स्पष्ट असते. काहींच्या मधोमध पेचदार भोक असते. पहाऱ्यावरून परतलेल्या सैनिकाची बंदूक भरलेली असे, आणि ती रिकामी करण्यासाठी उगाच बार उडवणे म्हणजे दारूगोळ्याची नासाडी. म्हणून सळईच्या टोकाला स्क्रू लावून तो गोळीत फिरवत आणि गोळी ओढून बाहेर काढत. अशी गोळी बहुधा फेकली जाई किंवा पुन्हा वितळवली जाई. काही गोळ्या ठोकून चौकोनी केलेल्या आणि त्यांच्यावर ठिपके कोरलेले सापडतात. ते जुगाराचे फासे होत. वॉशिंग्टन यांनी पत्ते आणि फाशांच्या जुगारावर सक्त बंदी घातली होती, ती किती पाळली गेली हे या फाशांवरून दिसते.

आता गोळ्यांवरच्या दातांच्या खुणा. अशा गोळ्या मिळाल्या की शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना सहन करण्यासाठी सैनिकाने दाताखाली गोळी धरली होती, अशी हृदयद्रावक पाटी संग्रहालयात लावली जाई. सिव्हिलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुणांची तुलना केली, तेव्हा खोल चावे घेतलेल्या बहुतेक गोळ्या डुकरांनी चघळलेल्या निघाल्या. डुक्कर सोंडेने माती उकरते, कठीण गोल वस्तू मिळाली की दाणा समजून दाढेखाली घेते आणि मग थुंकून टाकते. माणसाच्या दातांच्या उथळ खुणा असलेल्या काही गोळ्याही आहेत, पण त्या थोड्या. पाटी बदलावी लागली तरी या पुराव्याने एक नवी माहिती दिली: सैन्य गेल्यावर त्या जमिनीवर डुकरे चरत होती, आणि त्यांनी वरच्या थरातल्या वस्तू किती हलवल्या असतील याचा हिशेब आता ठेवावा लागतो.

जेवणाच्या बाबतीतही कागद आणि माती यांच्यात अंतर आहे. नोव्हेंबर १७७५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, ठरवलेल्या रोजच्या शिध्यात एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचे मांस किंवा एक पौंड खारवलेले मासे, एक पौंड पाव किंवा पीठ, दूध, आणि आठवड्याला तीन पाइंट वाटाणे किंवा घेवडा असे सारे होते. प्रत्यक्षात पुरवठ्याच्या गाड्या येत नसत आणि सैनिक पाणी-पिठाचा गोळा निखाऱ्यावर भाजून खात. जोसेफ प्लंब मार्टिन या सैनिकाने १७७९-८० च्या हिवाळ्यातील न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या मुक्कामाबद्दल पुढे लिहिले आहे की त्याने चार दिवस बर्च झाडाच्या सालीखेरीज काही खाल्ले नाही आणि काहींनी जुने बूट भाजून खाल्ले. हे वर्णन कितपत शब्दशः घ्यावे ते हाडांना विचारता येते, पण सावधपणे. आम्लधर्मी मातीत कच्ची हाडे विरघळतात आणि पूर्ण जळून पांढरी झालेली हाडे टिकतात. त्यामुळे जी हाडे मिळत नाहीत ती मुळात नव्हतीच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. मिळालेल्या हाडांवर कुऱ्हाडीचे घाव असतील तर घाईने तोडलेले मांस, आणि लांब हाडे फोडलेली असतील तर आतल्या मगजासाठी केलेली धडपड, एवढे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते.

व्हॅली फोर्जमधील घाणीबद्दल वॉशिंग्टन यांचे हुकूम पुन्हा पुन्हा निघालेले दिसतात. मेलेले घोडे पुरलेले नाहीत, खाटकांच्या जागेजवळ आतडी पडलेली आहेत, अशी त्यांत तक्रार आहे. फेब्रुवारी १७७८ मध्ये प्रशियाचे माजी अधिकारी फोन श्टॉयबेन तिथे पोहोचले. त्यांनी कवायतीबरोबर छावणीची मांडणीही शिकवली, आणि १७७९ मध्ये छापलेल्या त्यांच्या नियमावलीत स्वयंपाकाची जागा आणि शौचाचे चर एकमेकांपासून दूर, चर छावणीपासून ३०० फुटांवर, असे ठरवून दिले. ही नियमावली पुढची कित्येक वर्षे अमेरिकन सैन्यात चालू राहिली.

ती खरोखर पाळली गेल्याचा एक उत्तम पुरावा मात्र व्हॅली फोर्जपासून फार दूर, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी मोंटाना राज्यात मिळाला. मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची पश्चिमेकडची मोहीम ही लष्करी तुकडीच होती. लोलो ओढ्याकाठी ‘ट्रॅव्हलर्स रेस्ट’ नावाच्या जागी ती सप्टेंबर १८०५ मध्ये आणि पुन्हा ३० जून ते ३ जुलै १८०६ या काळात थांबली. अवघ्या काही दिवसांचा मुक्काम, तीस-पस्तीस माणसे, झोपड्या नाहीत. अशा जागी शोधायचे तरी काय? २००२ मध्ये संशोधकांनी तिथे आधी आगीने तडकलेल्या दगडांच्या चुली शोधल्या, आणि मग श्टॉयबेनच्या नियमाप्रमाणे अंतर मोजून शौचाचा चर शोधला. चर मिळाला, आणि त्या मातीतून पाऱ्याची वाफ मोजणाऱ्या उपकरणाने पारा दाखवला. आजूबाजूच्या मातीत तसा पारा नव्हता.

पारा आला औषधातून. मोहिमेच्या पेटीत डॉ. बेंजामिन रश यांच्या रेचक गोळ्या होत्या, तब्बल ५० डझन. त्यांत जलाप या वनस्पतीच्या मुळीबरोबर कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे एक क्लोराइड असे. शिवाय उपदंशावर त्या काळी पाराच देत, आणि लुईस यांनी २ जुलै १८०६ च्या नोंदीत दोन माणसे त्या विकाराने बेजार असल्याचे लिहून ठेवले आहे. कॅलोमेल पाण्यात फारच कमी विरघळते, त्याचा बराचसा भाग आतड्यांतून तसाच बाहेर पडतो, आणि मातीत गेल्यावर दोनशे वर्षांनीही तो पारा तिथेच राहतो.

त्याच जागी निळा मणी, एक बटण आणि चुलीपाशी वितळून थिजलेले शिसे मिळाले. शिशाच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण खाणीप्रमाणे बदलते, आणि या तुकड्याचे प्रमाण केंटकीतील शिशाशी जुळले. मणी आणि बटण व्यापारातूनही तिथे पोहोचू शकतात, शिसेही सापळे लावणाऱ्या कोणा शिकाऱ्याचे असू शकते, आणि पाऱ्याचे औषध घेणारा प्रवासी फक्त या मोहिमेतच होता असे नाही. पण चुली, त्यांच्यापासून नियमात बसणाऱ्या अंतरावरचा चर आणि त्या चरातला पारा या तिन्ही गोष्टी एकत्र जुळून येण्याचे दुसरे पटेल असे कारण कोणी देऊ शकलेले नाही. त्याआधी हा मुक्काम ओढा नदीला मिळतो त्या संगमाजवळ झाला असे मानले जात होते आणि राष्ट्रीय स्मारकाची हद्दही त्याच समजुतीने आखली होती. उत्खननानंतर ती बदलून प्रत्यक्ष छावणीच्या जागेवर आणण्यात आली.