पाण्याचे छायाचित्रण

पाण्याचे छायाचित्रण : झरे, ओढे, धबधबे, नद्या, तळी, समुद्र, पाऊस, दव, धुके अशा निसर्गातल्या पाण्याची छायाचित्रे काढणे आणि ती संगणकावर संस्कारित करून अंतिम रूपाला आणणे. निसर्ग-छायाचित्रणाचीच ही एक शाखा. डोंगर कॅमेऱ्यासमोर स्थिर उभा असतो. पाणी थांबत नाही, त्याला स्वतःचा रंग जवळपास नसतो आणि पुष्कळदा आपण पाणी पाहतच नसतो, त्यात पडलेले आभाळ पाहत असतो. म्हणून शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारा पडदा, किती वेळ उघडे ठेवायचे, कोणता उजेड आत घ्यायचा आणि कोणता अडवायचा, हे फोटो काढतानाच ठरवावे लागते. संपादनाला सुरुवात तिथेच होते. संगणक नंतर येतो.

शटरचा वेळ

धबधब्याचा फोटो १/१००० सेकंदात घेतला तर पाण्याचे काचेसारखे तुकडे हवेत लटकलेले दिसतात. तोच एक सेकंद शटर उघडे ठेवून घेतला तर दुधाचा पट्टा दिसतो. डोळ्याला या दोन्हींपैकी एकही दिसत नाही. ओढ्याकाठी उभे राहून आपण पाहतो तो खळाळ साधारण १/१५ ते १/६० सेकंदाच्या फोटोत उतरतो, पण तसे फोटो फारसे कुणी काढत नाही, कारण ते ‘हलल्यासारखे’ वाटतात. म्हणजे डोळ्याच्या सर्वांत जवळचे चित्र आपल्याला चुकलेले वाटते, आणि डोळ्याने कधीच न पाहिलेले चित्र सुंदर.

पावसाचे उदाहरण बोलके आहे. मोठा थेंब जमिनीशी येईपर्यंत सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडत असतो. १/६० सेकंदात तो १५ सेंटिमीटर खाली येतो, म्हणून फोटोत थेंबाऐवजी रेघ उमटते. १/१००० सेकंदातही तो ९ मिलिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या आकाराहून जास्त. पावसाच्या ‘सरी’ हव्या असतील तर १/६० ते १/१२५ ठेवून मागे गर्द झाडी किंवा काळा कातळ घ्यावा; पांढऱ्या आभाळापुढे पाऊस दिसतच नाही. पागोळीचा थेंब गोठवायचा असेल तर शटरपेक्षा फ्लॅश कामाला येतो, कारण कमी ताकदीवर ठेवलेल्या फ्लॅशचा झोत १/१०,००० सेकंदाहूनही अल्प असू शकतो.

वेगाइतकेच अंतरही महत्त्वाचे. सुमारे ३१० मीटर उंचीचा गोव्यातला दूधसागर लांबून पाहिला तर पाणी सावकाश उतरल्यासारखे वाटते, आणि तिथे डोळ्यालाही दूधच दिसते. पायाशी वाहणारा ओहोळ पाव सेकंदात रेशमी होतो, तर समोरच्या डोंगरावरच्या धारेला पूर्ण सेकंदही कमी पडतो. दूधसागरासमोरून आगगाडी जात असताना दोन सेकंदांचा फोटो घेतला तर पाणी छान येते आणि गाडीचा मात्र फराटा होतो. या ठिकाणी रुळांवरून चालत जाण्यास मनाई आहे, हेही सांगितले पाहिजे.

दीर्घ वेळेत एक गोष्ट कायमची पुसली जाते, ती म्हणजे दिशा. नाणेघाटात ऐन पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि खाली पडू पाहणाऱ्या पाण्याला माथ्यावर परत फेकतो. हा ‘उलटा धबधबा’ एक सेकंदाच्या फोटोत साध्या धबधब्यासारखा किंवा धुक्याच्या लोटासारखा दिसतो, कारण पाणी वर चालले आहे की खाली, हे पांढऱ्या पट्ट्यावरून कळत नाही. इथे १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरच हवे, म्हणजे तुषारांची वळलेली टोके दिसतात.

भर उन्हात शटर फार वेळ उघडे ठेवता येत नाही, फोटो पांढरा पडतो. त्यासाठी भिंगापुढे एनडी, म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारा करडा फिल्टर लावतात. उजेड निम्मा करणाऱ्या एका पायरीला स्टॉप म्हणतात. तीन स्टॉपचा फिल्टर उजेड आठपट कमी करतो, सहा स्टॉपचा ६४ पट, दहा स्टॉपचा सुमारे हजार पट. दहा स्टॉपच्या फिल्टरमुळे १/६० सेकंदाचे काम सुमारे १७ सेकंदांवर जाते. एवढ्या वेळात खवळलेला समुद्रही धुक्याने भरलेल्या दरीसारखा होतो. ट्रायपॉड अर्थातच लागतो. तो प्रवाहात रोवला असेल तर पाण्याच्या धक्क्याने थरथरतो आणि दगड धूसर येतात. हा दोष कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दिसत नाही, घरी गेल्यावर दिसतो.

दोन काचांचा समुद्र

‘खरा फोटो’ आणि ‘एडिट केलेला फोटो’ हा वाद संगणकाने आणला असे समजले जाते, ते बरोबर नाही. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी छायाचित्रे काढली, त्यांत हा प्रश्न आधीच हजर आहे. तेव्हाच्या ओल्या कोलोडियन काचांना (ओल्या रसायनाचा थर दिलेल्या काचांना) निळा उजेड फार लवकर लागे. लाटांसाठी पुरेसा वेळ द्यावा तर आभाळ कोरे पांढरे होई. ढगांपुरता वेळ द्यावा तर समुद्र काळा राही. ल ग्रेने समुद्र एका काचेवर घेतला, आभाळ दुसऱ्या काचेवर, आणि छापताना क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडले. भूमध्य समुद्राकाठच्या सेत येथील त्याच्या मोठ्या लाटेचे छायाचित्र (१८५७) याच प्रकारचे. एकच ढगाळ आभाळ त्याने वेगवेगळ्या समुद्रांवर वापरल्याचेही आढळते. आज दोन-तीन एक्स्पोजर, म्हणजे कमीजास्त उजेड घेतलेले फोटो, एकत्र करण्याला जे नाव असेल ते असो, युक्ती तीच आहे.

उलट बाजूचे उदाहरण इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन याचे. द्रवात पडणाऱ्या थेंबाचे शिंतोडे कसे उडतात, हे तो विजेच्या ठिणगीच्या उजेडात क्षणभर पाहून हाताने चितारत असे. अनेक वर्षे त्याची चित्रे अगदी सममित येत, चारी बाजूंनी सारखी. १८९४ मध्ये त्याला तेच फोटोत पकडता आले, तेव्हा शिंतोड्यांच्या मुकुटाची टोके वेडीवाकडी, कमीजास्त निघाली. हाताने नकळत दुरुस्ती केली होती. पुढे अमेरिकेत एमआयटीतील हॅरॉल्ड एजर्टन याने स्ट्रोब दिव्याने (क्षणिक, तीव्र झोत टाकणाऱ्या दिव्याने) दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला. १९५७ चा त्याचा रंगीत फोटो जगभर पोहोचला आणि थेंबांच्या छायाचित्रांची आजची हौस बऱ्याच अंशी तिथून आली. पाण्याखालच्या छायाचित्रणाची वाट फ्रान्सच्या लुई बुताँ याने १८९३ मध्ये पाडली. तो स्वतंत्र विषय आहे.

चकाकी

पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा उजेड अंशतः ध्रुवित, म्हणजे बराचसा एकाच दिशेने कंप पावणारा, असतो. पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून पाहिले तर तो जवळपास पूर्ण ध्रुवित होतो. असा उजेड अडवणारा पोलरायझर फिल्टर फिरवत गेले की या कोनातली चकाकी निघून जाते आणि डोहाच्या तळाचे गोटे, शेवाळ, मासे वर येतात. ओल्या पानांवरचा आणि दगडांवरचा पांढुरका तवंगही जातो, हिरवा रंग खुलतो. संपादनात भरून काढता न येणारा असा हा फिल्टर आहे. चकाकीखाली काय होते ते फाइलमध्ये नोंदलेलेच नसते, तर संपादनातला स्लायडर (कमीजास्त करण्याची सरकपट्टी) ते आणणार कुठून?

मात्र तो शेवटपर्यंत फिरवण्याची सवय वाईट. चकाकी पूर्ण घालवली की पाणी पाण्यासारखे दिसेनासे होते, खड्ड्यात गोटे भरून ठेवल्यासारखे वाटते. शिवाय धबधब्याच्या तुषारांत उमटणारे इंद्रधनुष्य हेही ध्रुवित प्रकाशाचेच असते, त्यामुळे फिल्टर फिरवला की ते डोळ्यांदेखत गायब होते. हे धनुष्य हवे असेल तर सूर्य पाठीशी घ्यावा आणि आपल्या सावलीच्या डोक्यापासून ४२ अंशांवर तुषार असतील अशी जागा धरावी. दरीत खाली पाहायला मिळत असेल तर सूर्य बराच वर आला तरी ते दिसते.

सह्याद्रीतला पावसाळा

महाराष्ट्रात हा छंद मुख्यतः जून ते सप्टेंबरचा. ठोसेघर, आंबोली, माळशेज, भंडारदऱ्याचा परिसर इथे शनिवार-रविवारी धबधब्यापेक्षा ट्रायपॉडांची गर्दी मोठी असते. ढगाळ, झाकोळलेला उजेड पाण्याला मानवतो. उन्हात फेस आणि सावली यांतली तफावत कॅमेऱ्याला पेलत नाही. दाट ढगांत नुसता पोलरायझर लावूनही अर्धा सेकंद मिळून जातो, एनडी बाहेर काढावा लागत नाही.

अडचण कातळाची आहे. भिजलेला बेसॉल्ट जवळपास काळा असतो आणि त्यावरून उतरणारा फेस शुभ्र. कॅमेऱ्याचा मीटर चौकटीतल्या उजेडाची सरासरी मध्यम करड्या रंगावर आणू पाहतो. चौकटीत कातळ जास्त असला की तो फोटो उजळ करतो आणि फेस कोरा जातो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न करता नोंदलेल्या माहितीत, उजेडाच्या १४ बिटांच्या १६,३८४ पायऱ्या असल्या तरी भरून वाहिलेल्या, म्हणजे कोऱ्या पांढऱ्या झालेल्या, भागात माहिती शून्य असते. म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहून एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, एक-दीड स्टॉप खाली आणतात. काळोखातला कातळ नंतर उजळता येतो, गेलेला फेस परत येत नाही.

बाकी सगळी लढाई ओलाव्याशी. समोरून तुषार येत असतील तर भिंग पुसायचे, झाकण ठेवायचे, शटर दाबायच्या क्षणी झाकण काढायचे आणि लगेच परत लावायचे. कॅमेऱ्याला हॉटेलातली शॉवर कॅप पुरते. घरी आल्यावर भिंग बॅगेत तसेच ठेवले तर गणपतीपर्यंत आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा हा त्यावरचा स्वस्त उपाय. आणि ओढ्यात उभे असताना नितळ पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, तर वर पाऊस झाला आहे असे समजून ट्रायपॉड तिथेच सोडून काठावर यावे.

संगणकावर

ॲडोबी फोटोशॉप या संपादनाच्या साधनाची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली, पुढच्या एका आवृत्तीत लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवता येणारे थर, १९९४ मध्ये आले; त्याच कंपनीचे लाइटरूम २००७ चे. गिम्प आणि डार्कटेबल ही मोफत साधने बहुतेक गरजा भागवतात. पाण्याच्या फोटोत कामाचा क्रम सहसा असा असतो : रॉ उघडून पांढऱ्याचा तोल (पांढरे पांढरेच दिसावे अशी रंगांची जुळणी) साधायचा, फेसाचा उजेड आवरायचा, सावल्या थोड्या उचलायच्या आणि मग मास्क, म्हणजे हवा तेवढाच भाग उघडा ठेवणारा पडदा, लावून पाणी व दगड वेगवेगळे हाताळायचे. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. ‘क्लॅरिटी’सारखा स्थानिक तफावत वाढवणारा स्लायडर दगडाला उठाव देतो, पण रेशमी पाण्यावर चालवला तर त्याचे मळके पिंजलेल्या कापसासारखे पुंजके होतात. म्हणून पाण्यावर तो शून्यावर किंवा उणे ठेवतात.

समजा, ओढ्याच्या चौकटीत डाव्या कडेला नेच्याची पाने आहेत आणि वारा सुटला आहे. पाण्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १०० वर पाव सेकंद घेतला तर पाणी साधते, पाने मात्र हिरवा धूर होतात. त्याच जागेवरून आयएसओ १६०० वर १/६० सेकंदाचा दुसरा फोटो घेतला तर उजेड तेवढाच राहतो आणि पाने गोठतात. दोन्ही फोटो लेअरमध्ये एकावर एक ठेवायचे, वरच्या थराला मास्क लावायचा आणि मऊ ब्रशने फक्त पानांचा भाग उघडायचा. दगड आणि पान जिथे भिडतात त्या कडेवर ब्रश लहान करावा लागतो, नाहीतर पानाभोवती पांढरी कड उरते. ल ग्रेला क्षितिजाची सरळ रेघ मिळाली होती. नेच्याला तशी रेघ नसते.

एनडी फिल्टर नसेल तर वीस-तीस छोटे फोटो लागोपाठ घेऊन त्यांची सरासरी काढता येते. परिणाम दीर्घ एक्स्पोजरसारखा येतो आणि शिवाय नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, घटतो. आयफोनमध्ये २०१७ पासून लाइव्ह फोटोला ‘लाँग एक्स्पोजर’चा परिणाम देता येतो, जेमतेम तीन सेकंदांच्या चित्रफितीतल्या चौकटी तिथे अशाच एकत्र केल्या जातात.

आभाळ बदलण्याची सोय फोटोशॉपमध्ये २०२० पासून एका बटणावर आली आणि लबाडी ओळखणे काही काळ फार सोपे झाले. वर संध्याकाळचे केशरी ढग, खाली तळ्यात दुपारचे निळे आभाळ! प्रतिबिंब म्हणजे आभाळाची उलटी केलेली नक्कल नव्हे. ते मूळ दृश्यापेक्षा सहसा गडद असते, आणि पाण्याच्या पातळीखालून वर पाहिल्यावर दिसेल तसे असते. पुलाच्या प्रतिबिंबात पुलाचा तळ दिसतो, जो वरच्या पुलात आपल्याला दिसत नाही. फोटोचा वरचा अर्धा भाग उलटा चिकटवून केलेले प्रतिबिंब इथेच पकडले जाते. तिरके क्षितिज ही त्याहून साधी चूक : समुद्र एका बाजूने सांडत असलेले फोटो अजूनही रोज दिसतात, खरे तर ते सरळ करायला दहा सेकंद लागतात.

रंगाचा भरवसा

आषाढातली नदी गढूळ, तांबूस असते. ती निळी करणे हे सर्वांत सर्रास चालणारे खोटे. कॅमेराही त्यात भर घालतो : सावलीतल्या दरीत उजेड मुळातच निळसर असतो, आणि स्वयंचलित तोल तो कधी राखतो, कधी पुसतो.

उलटही घडते. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. संपृक्तता वाढवलेले फोटो पाहून सरावलेल्या कुणालाही ती छायाचित्रे बनावट वाटावीत, पण रंग खरा होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तो आल्याचे आढळले. असा बदल नोंदवायचा असेल तर काठावर करडे कार्ड धरून पहिला फोटो घ्यावा, पांढऱ्याचा तोल त्यावरून बांधावा आणि रॉ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी. मग वर्षभराने त्याच काठावरून त्याच वेळी घेतलेला फोटो शेजारी ठेवता येतो.