कणगीतलं पाखरू आणि डब्यातलं पाखरू

खानापूरकडं भाताची कणगी उघडली की पाखरं उडतात, आणि बेळगावात तांदळाचा डबा उघडला तरी उडतातच. दोन्हींना 'पाखरू' हे एकच नाव; पण जाती दोन, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

कणगीतलं ते सिटोट्रोगा. वाळल्या गवताच्या रंगाचं, पंख पसरून जेमतेम 10 ते 16 मिलिमीटर. भिंगाखाली मागचा पंख बघा: टोक एकदम निमुळतं होऊन बोटासारखं पुढं आलेलं, कडेला लांब केसांची झालर. डब्यातलं कोर्सिरा त्याहून मोठं, राखाडी-तपकिरी. बसलं की पंख अंगाभोवती गुंडाळून घेतं.

खरा फरक अळीत आहे. सिटोट्रोगाची अंडी शेतात कणसावरच पडू शकतात, म्हणजे कीड मळणीबरोबर घरात येते. अळी भाताच्या किंवा जोंधळ्याच्या दाण्यात शिरते आणि आतलं पीठ खात तिथंच वाढते. कोष करण्याआधी ती दाण्याचं साल आतून गोल कुरतडते, पण पातळ पापुद्रा तसाच ठेवते. पाखरू तो ढकलून बाहेर पडतं. अंड्यापासून इथवर साधारण चार-पाच आठवडे. तोवर दाणा वरून धडधाकट दिसतो, म्हणून चाळून काही हाती लागत नाही. मूठभर दाणे पाण्यात टाका. पोकळ झालेले तरंगतील.

कोर्सिराची अळी दाण्याबाहेरच राहते. कणी, रवा, शेंगदाणे हे तिचं आवडतं. रेशमाच्या धाग्यानं दाणे एकमेकांना चिकटवून ती जाळी करते. तांदळाची गुठळी सापडली की ओळखायचं. इथं मात्र चाळणं कामाचं, कारण कणी निघाली की तिचं खाणंच कमी होतं. डब्याच्या सांधीतले चिवट कोष खरवडून काढायचे राहिले तर नवा तांदूळही जाळी धरतो.

सिटोट्रोगासाठी भात पातळ पसरून दाताखाली कट्कन वाजेपर्यंत वाळवा. जाड ढीग उन्हात घातला तर वरचाच थर तापतो, खालच्या दाण्यांतल्या अळ्या जगतात. हे नाजूक पाखरू खोल शिरत नाही, नासाडी बहुतेक वरच्या फूटभर थरातच होते. तेव्हा कणगी काठोकाठ भरून तोंड घट्ट लिंपावं. जुनं-नवं धान्य एकत्र करू नये.

गंमत म्हणजे कोर्सिरा प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतात. त्याची अंडी कार्डावर चिकटवून त्यांत ट्रायकोग्रामा ही चिमुकली गांधीलमाशी वाढवतात, आणि ती कार्डं चिकोडी-अथणीच्या पट्ट्यात असतो तसल्या उसात खोडकिडीची अंडी संपवायला पानांना टाचतात.